दोरी, गाठी आणि आईची रेघ: मुलांना एल०डी वंशरेषा कशी शिकवावी

आनुवंशिकता शिकवणारे शिक्षक, किंवा आपल्या मुलांना हे सगळं काय असतं ते सांगू पाहणारे पालक, यांच्यासाठी ही पद्धत लिहीत आहे. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवते. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या खोए-सान लोकांत आढळणारी एल०डी (इंग्रजीत L0d, मधला आकडा शून्य) ही आईकडून चालत आलेली वंशरेषा मी वर्गात मुद्दाम घेते. ती अभ्यासक्रमात नाही. पण माणसांच्या झाडातला सगळ्यांत खोल फाटा ज्याने एकदा स्वतःच्या हाताने मांडला, त्याला पुढे कुठलाही वंशवृक्ष वाचता येतो. शिवाय ‘ते लोक मागे राहिले, आपण पुढे आलो’ हा पक्का बसलेला समज या एका तासात हलतो. माझा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो.

खोए-सान ही एक जमात नव्हे, हे आधी सांगून टाका. गुरं-मेंढरं पाळणारे खोएखोए आणि शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणारे सान अशा अनेक समाजांना मिळून अभ्यासक हे नाव देतात. नामिबियातले नामा, दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर केपमधले खोमानी, नामिबिया आणि बोट्सवानाच्या सीमेवरचे जु-होआन हे त्यांतले काही. त्यांच्या भाषांची कुळंही एकाहून जास्त आहेत. या भाषांत जिभेच्या टाळीने काढलेले ध्वनी व्यंजनं म्हणून येतात. कुणाची कीव आली की आपण दातांमागे जीभ लावून ‘च्च’ करतो, तो त्यांतलाच एक. मुलांना करून बघायला सांगा. वर्ग दोन मिनिटं नुसता च्चकारतो, पण ती माणसं जवळची वाटू लागतात.

आधी नाती

‘मायटोकॉन्ड्रिया’ फळ्यावर लिहिण्याआधी मी नाती विचारते. पेशीच्या केंद्रकातला डीएनए आईवडील दोघांकडून येतो; मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक अंगकांतला, फक्त आईकडून. स्त्रीबीजात त्याच्या लाखभर किंवा त्याहूनही जास्त प्रती असतात. शुक्राणूत मोजक्याच असतात आणि फलनानंतर त्या नष्ट होतात. हा डीएनए म्हणजे १६,५६९ अक्षरांचं एक छोटं कडं, त्यात ३७ जनुकं. आईचं कडं मुलांत जसंच्या तसं उतरतं, फक्त कित्येक पिढ्यांत कधीतरी एखादं अक्षर बदलतं. तो बदल त्या बाईच्या मुलींकडे, त्यांच्या मुलींकडे जात राहतो. वंशरेषा ओळखायच्या त्या या बदलांवरून.

एवढं सांगून झालं की प्रश्न सुरू. तुझं आणि मावशीचं कडं एक का? हो. मामाचं? तेही एक, पण मामाच्या मुलांचं नाही, ती मामीच्या रेघेवरची. आत्याचं? नाही, आत्या आणि बाबा दोघांची रेघ बाबांच्या आईकडून आलेली. मावसभाऊ चालतो, मामेभाऊ आणि आतेभाऊ चालत नाहीत. चुलतभाऊही नाही, असं वर्ग एका सुरात म्हणतो, तेव्हा थांबा आणि विचारा: दोन सख्ख्या बहिणी एकाच घरात दोन भावांना दिल्या असतील तर? असं एखादं घर आपल्याकडे बहुतेक वर्गांत निघतंच, आणि ज्याच्या घरचं असतं तो मुलगा तावातावाने फळ्यापाशी येऊन काढून दाखवतो. या घरात चुलतभाऊही त्याच रेघेवर आले. एवढं मुलांना जमलं म्हणजे तत्त्व समजलं. व्याख्या पाठ करून घ्यायची गरज राहत नाही.

मग घरचा कागद. आई, आईची आई, तिची आई असं वर वर जात प्रत्येकीचं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव लिहून आणायचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती, अजूनही पुष्कळ घरांत आहे. त्यामुळे सासरी सत्यभामा असलेली पणजी माहेरी शेवंती असू शकते. ‘लग्नाआधी तुला काय म्हणत होते?’ असा सरळ प्रश्न आजीला विचारायला सांगा. गणेशचवथीचे दिवस याला उत्तम, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाली की घरातली वडीलधारी माणसं निवांत बसलेली असतात आणि माहेरवाशिणीही आलेल्या असतात. मुलं आणतात ते कागद बघण्यासारखे असतात. आई मेणकुऱ्याची, आजी साळची, पणजी दोडामार्गाकडची. आडनाव दर पायरीला वेगळं, कुलदैवतही वेगळं. देवळाच्या महाजनांच्या, म्हणजे कारभार बघणाऱ्या घराण्यांच्या, यादीत ही रेघ कुठेच सापडत नाही, कारण ती यादी वडिलांकडून चालते. बहुतेक कागद तीन-चार नावांवर थांबतात. तेवढे पुरेत.

एक काळजी घ्या. वर्गात एखादं मूल दत्तक असतं, एखाद्याची आई नसते, एखाद्या घरात आजीचं नाव काढलेलं चालत नाही. म्हणून कागद ऐच्छिक ठेवा आणि कुणाला नको असेल तर शेजारणीचा किंवा मनाने रचलेला चालेल असं आधीच, सगळ्यांसमोर सांगा. नंतर एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं की त्याला ते लागतं.

दोरी

आता मुख्य काम. शाळेचा हॉल किंवा लांब व्हरांडा लागेल, किमान दहा मीटरचा. काथ्याची दोरी मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणते. नायलॉनची घेऊ नका, ती घसरते आणि गाठ धरत नाही. एक भिंत म्हणजे आजचा दिवस. भिंतीपासून एक मीटर मागे म्हणजे २०,००० वर्षं. हे प्रमाण खडूने जमिनीवर आखून घ्या.

सगळ्या माणसांच्या आईकडच्या रेघा जिथे मिळतात ती मुळाची गाठ. १९८७ मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अॅलन विल्सन यांनी १४७ जणांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए ताडून पाहिला. बहुतेक नमुने बाळंतपणात पडणाऱ्या वारेतून घेतलेले होते. त्यांचा अंदाज सुमारे दोन लाख वर्षांचा होता. नंतरच्या काही मोजण्या दीड लाखाच्या जवळ येतात. त्यामुळे साडेसात मीटरपासून दहा मीटरपर्यंत जमिनीवर एक तांबडा कपडा अंथरा आणि गाठ त्याच्या मधोमध ठेवा. गाठ या कापडावर कुठेही असू शकते, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. अंदाज हा शब्द समजवायला मला याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

या गाठीतून दोनच दोऱ्या काढा. एक एल०, दुसरी एल१ ते एल६ या सगळ्यांची सामाईक. दोघी सख्ख्या बहिणी. शून्य आकडा बघून मुलांना वाटतं की एल० ही सगळ्यांची आई, तसं नाही. ही नावं शोध लागत गेले तशी पडली. ए, बी, सी, डी ही अक्षरं आधी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या रेषांना दिली गेली, आफ्रिकेच्या वाट्याला एल आलं, आणि पूर्वी एल१मध्ये धरलेल्या काही रेषा वेगळ्या निघाल्यावर त्यांना एल० म्हटलं गेलं. अक्षरांच्या क्रमावरून वय काढायचं नाही.

एल०च्या दोरीवर सुमारे सात मीटरच्या खुणेपाशी फाटा करा. एका बाजूला एल०डी, दुसऱ्या बाजूला एल०च्या बाकीच्या सगळ्या, एल०एसुद्धा; त्या दुसऱ्या बाजूतून पुढे एल०के फुटते, तीही खोए-सान लोकांतली. डोरोन बेहार आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आफ्रिकी रेषांचे ६२४ संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम, म्हणजे अख्खी वाचलेली कडी, एकत्र मांडले, तेव्हा खोए-सान लोकांच्या आईकडच्या रेषा इतरांपासून ९०,००० ते १,५०,००० वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्याचं त्यांना दिसलं. सातची खूण त्या पट्ट्यात बसते. एल०डीच्या स्वतःच्या फांद्या, म्हणजे एल०डी१, एल०डी२, एल०डी३, पाच मीटरच्या आसपास फोडा.

मुळाच्या गाठीतून निघालेल्या दुसऱ्या दोरीतून एल१, एल५, एल२, एल६, एल४ यांच्या दोऱ्या एकेक करून बाजूला काढा; इथे फार वेळ घालवू नका. साडेतीन मीटरला, म्हणजे सुमारे ७०,००० वर्षांवर, एल३ची गाठ. तिच्यातून थोडं पुढे एम आणि एन. आफ्रिकेबाहेरची सगळी जुनी वस्ती या दोन दोऱ्यांवर आहे. एनमधून आर, आरमधून यू आणि युरोपात फार आढळणारी एच. भारतात एमच्या पुष्कळ फांद्या आहेत. एम२ ही त्यांतली खूप जुनी. शिवाय यू२, आर५ यांसारख्याही आहेत.

प्रत्येक दोरीचं टोक भिंतीपर्यंत न्या. तिथे मुलं ओळीने बसवा, प्रत्येकाच्या हातात एक टोक आणि एक पुठ्ठा: एल०डी१, एल०डी२, एल०के, एल०ए, एल२, एम२, एम५, यू२, आर५, एच. आता विचारा, सगळ्यांत जुनं टोक कुठलं? बोटं एल०डीकडे जातात. मग मोजपट्टी द्या आणि मुळाच्या गाठीपासून प्रत्येक टोकापर्यंतचं अंतर काढायला लावा. सगळी टोकं भिंतीलाच टेकलेली आहेत, सगळ्यांनी मुळापासून सारखीच वर्षं काढली आहेत. एल०डी२ धरलेल्या मुलीच्या रेघेवरही तेवढाच काळ अक्षरं बदलत आलेली आहेत. जुना आहे तो सात मीटरवरचा फाटा, आणि तो फाटा दोन्ही बाजूंचा आहे. खोए-सान बाई आपली पूर्वज नाही. ती आपल्यासारखीच आजची बाई आहे, तिची आणि आपली सामाईक पूर्वज त्या तांबड्या कापडावर कुठेतरी आहे. हे वाक्य मी मुलांकडून त्यांच्या शब्दांत लिहून घेते, आणि ‘आदिम’ किंवा ‘मूळ मानव’ असं काही आलं तर खोडून परत लिहायला देते.

लगेच दुसरा प्रश्न. एम२ आणि एच धरलेली दोन मुलं आपापल्या दोरीवर बोट ठेवून मागे चालू देत. ती साडेतीन मीटरवर, एल३च्या गाठीपाशी भेटतात. समजा एक पणजी शहरातली बाई आणि एक लिस्बनची. आता एल०डी आणि एल०ए चालू देत. दोघी आफ्रिकेतल्याच, पण त्यांची भेट होते सात मीटरवर, दुप्पट लांब. एल०डी आणि एल२ तर थेट मुळापाशी. कातडीच्या रंगावरून माणसांचे गट पाडणाऱ्याला ही दोरी एकदा हातात द्यावी असं मला मनापासून वाटतं.

नावाची साखळी उलगडणं

२०१४ मध्ये एका माणसाचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सेंट हेलेना उपसागरापाशी त्याचा सांगाडा मिळाला होता, सुमारे २,३३० वर्षांपूर्वीचा. तिथे गुरं पाळणारे लोक पोचण्याआधीचा हा माणूस. त्याच्या कानाच्या नळीत हाड वाढलेलं होतं, थंड पाण्यात वर्षानुवर्षं उतरणाऱ्यांना होतं तसं. म्हणजे तो समुद्रातून अन्न मिळवत होता. किनाऱ्यावरच्या आमच्या मुलांना हा माणूस लगेच आपला वाटतो. त्याची रेषा एल०डी२सी१सी.

हे नाव उजवीकडून एकेक खूण पुसत वाचायला शिकवा. शेवटचा सी पुसला की एल०डी२सी१, मग एल०डी२सी, मग एल०डी२, मग एल०डी. प्रत्येक पुसण्यासरशी एक फाटा मागे जायचं. अक्षर, आकडा, अक्षर, आकडा असा क्रम असतो, त्यामुळे चुकायला होत नाही. ‘फायलोट्री’ नावाच्या जागतिक वंशवृक्षाच्या २०१६च्या सतराव्या आवृत्तीत अशा पाच हजारांवर रेषा आहेत आणि वाचायची रीत सगळ्यांना हीच.

आता त्याला दोरीवर बसवा. २,३३० वर्षं म्हणजे भिंतीपासून जेमतेम बारा सेंटीमीटर. गुरं पाळणारे आणि बांतू भाषा बोलणारे शेतकरी दक्षिण आफ्रिकेत आले ते गेल्या दहाएक सेंटीमीटरांत. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला तो अडीच सेंटीमीटरवर, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपपाशी डच १६५२ मध्ये उतरले ते दोनाच्याही आत. एवढ्याशा जागेत त्या रेषेवर काय काय गुदरलं ते थोडक्यात तरी सांगा. जमिनी गेल्या, माणसं मेली, वेठीला लागली. पण मुली इतर समाजांत गेल्या आणि रेघ चालू राहिली. दक्षिण आफ्रिकेत ‘कलर्ड’ म्हणवणाऱ्या मिश्र वंशाच्या समाजाच्या २०१०च्या अभ्यासात आईकडच्या रेषांपैकी सुमारे ६० टक्के खोए-सान निघाल्या. वडिलांकडच्या रेषांत हे प्रमाण खूपच कमी होतं. वसाहतीत कोण मालक होतं आणि कोण मोलकरीण, ते या फरकात दिसतं. झोसा आणि झुलू या तिथल्या बांतूभाषक लोकांतही एल०डी आहे. दक्षिण आफ्रिकेतले वर्णभेदविरोधी नेते आर्चबिशप डेस्मंड टुटू यांचा जीनोम २०१० मध्ये वाचला गेला तेव्हा त्यांच्या आईकडची रेषा खोए-सान निघाली, आणि त्याचा त्यांना आनंद झाला.

हमखास येणारे प्रश्न

‘म्हणजे तेव्हा जगात एकच बाई होती का?’ नाही. बायका पुष्कळ होत्या. ज्यांना फक्त मुलगे झाले किंवा मूलच झालं नाही त्यांची ही एक रेघ थांबली; मुलगे झाले त्यांचे बाकीचे गुण त्या मुलग्यांतून पुढे गेले. वर्गात ज्यांच्या आईला मुलगेच आहेत त्यांना हात वर करायला सांगा. त्या आईंची रेघ त्या घरात पुढे जाणार नाही. त्यांच्या बहिणींकडून, म्हणजे मावशांच्या मुलींकडून, ती चालू राहील. मुलं लगेच मावशा मोजायला लागतात.

‘मग माणूस नेमका कुठे जन्मला?’ २०१९ मध्ये एल०च्या बाराशेवर जीनोमांवरून एका गटाने सांगितलं की बोट्सवानातल्या माकगादिकगादी आणि ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशात दोन लाख वर्षांपूर्वी. अनेक अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली, आणि हरकत रास्त आहे. आजची माणसं जिथे राहतात तिथेच त्यांच्या पूर्वजांची वस्ती होती असं धरता येत नाही, आणि एका रेघेवरून सगळ्या माणसांचं जन्मस्थान ठरत नाही. दहा पिढ्या मागे तुमचे १,०२४ पूर्वज असतात; हे कडं त्यांतल्या एकीकडून आलेलं. फळ्यावर २, ४, ८, १६ करत १,०२४पर्यंत जा आणि एकाच आकड्याभोवती वर्तुळ काढा.

‘आपण थुंकी पाठवून तपासायची का?’ वर्गात नाही. अल्पवयीन मुलांचे नमुने शाळेने घेऊ नयेत, पालकांची सही असली तरी. डीएनए एकट्याचा नसतो, त्यात मामा, मावशी, भावंडं सगळी असतात. मोठ्यांनी स्वतःसाठी केलं तर अहवालात ‘संदर्भापासून फरक’ अशी यादी येते. तो संदर्भ म्हणजे केंब्रिजला १९८१ मध्ये वाचलेला आणि १९९९ मध्ये दुरुस्त केलेला एक युरोपीय जीनोम. फरक म्हणजे दोष नव्हे. आणि अहवालातलं एम५ किंवा यू२ जात सांगत नाही, धर्म सांगत नाही, भाषाही नाही.

बोलताना, दाखवताना

सान समाजांनी २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि योग्य प्रक्रिया अशी तिची पाच कलमं आहेत. बाहेरचे लोक येऊन रक्त-थुंकी घेऊन जातात, लेख लिहितात, आणि आम्हाला विचारतही नाहीत, ही त्यामागची व्यथा. ही पाच कलमं मी फळ्याच्या कोपऱ्यात तासभर लिहून ठेवते. वर्गातही ती पाळता येतात. ‘बुशमन’ म्हणू नये, जमातीचं नाव घ्यावं. धनुष्यबाण घेतलेल्या माणसाचं एकच चित्र दाखवून थांबू नये. आज ही माणसं शेतांवर राबतात, शहरांत राहतात, शाळांत शिकवतात, जमिनीच्या हक्कासाठी कोर्टात जातात.

शेवटी कुणीतरी विचारतंच, आपल्या गोव्यात एल०डी सापडेल का? याचं उत्तर तयार ठेवा. पोर्तुगीजांनी गुलाम करून आफ्रिकेतून, त्यातही मोझांबिककडून, माणसं गोव्यात आणली. काही निसटून घाटापलीकडच्या रानांत गेली. उत्तर कन्नडातल्या यल्लापूर, हळियाळ भागातले सिद्दी त्यांचेही वंशज, आणि त्यांच्या आईकडच्या रेषांत आफ्रिकी एल गटाच्या फांद्या आहेत. तेव्हा एखाद्या गोंयकाराच्या अहवालात एल निघणं अगदी शक्य आहे, आणि निघालं तर ते अभिमानाने सांगावं. फक्त ‘एल०’ एवढं वाचून खोए-सान ठरवू नका, पुढचं अक्षर बघा. मोझांबिककडच्या बांतूभाषक लोकांत एल०ए भरपूर आहे, आणि दोरीवर तिची एल०डीशी भेट सात मीटरवर होते. अहवालात पुढचं अक्षरच नसेल तर चाचणीने बहुधा कड्याचा एक लहान भागच वाचलेला असतो. संपूर्ण १६,५६९ अक्षरांचं वाचन मागवा आणि मग आजीला सांगा.